पासपोर्टची मुदत कशी मोजावी : परदेश प्रवासाआधी करायची तपासणी

पासपोर्टवर मुदत संपण्याची जी तारीख छापलेली असते, त्या तारखेपर्यंत तो पासपोर्ट वैध असतो. पण त्या तारखेपर्यंत तो हातात घेऊन कुठल्याही देशात जाता येते असे मात्र नाही. बहुतेक देशांच्या दृष्टीने पासपोर्ट छापील तारखेच्या काही महिने आधीच निकामी झालेला असतो. हा फरक मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मुंबई विमानतळावर रात्री साडेअकरा वाजता समजला.

आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी, २४ मे रोजी सिंगापूरला निघालो होतो. मुलीच्या पासपोर्टची मुदत १३ नोव्हेंबरपर्यंत होती. सहा महिन्यांची मुदत लागते हे मला ऐकून माहीत होते आणि मी ती घरी मोजलीही होती : मे ते नोव्हेंबर, सहा महिने. चेक-इन काउंटरवरच्या बाईंनी तेच महिने बोटांच्या पेरांवर मोजले, मग संगणकावर काहीतरी पाहिले आणि शांतपणे सांगितले की, मुलीच्या पासपोर्टला ११ दिवस कमी पडत आहेत, त्यामुळे तिला बोर्डिंग पास देता येणार नाही. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पहाटे तीनच्या सुमारास, पुण्याला घरी परतताना, खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी थांबली, तेव्हा मुलगी तिच्या नव्या बॅगेवर डोके ठेवून झोपली होती आणि मी मोबाइलवर पासपोर्ट सेवेचे संकेतस्थळ उघडून बसलो होतो.

त्या आठवड्यात आणि पुढच्या दोन महिन्यांत जे शिकलो, ते पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी क्रमाने लिहीत आहे. हे क्रमांक त्याच क्रमाने पाळावेत, कारण तिकीट आधी आणि पासपोर्ट नंतर अशी उलटी सुरुवात केली की पुढचे सगळेच उलटे होत जाते.

१. पासपोर्ट कपाटातून काढा आणि तारीख स्वतः वाचा

टूर कंपनीच्या अर्जावर आपणच कधीतरी लिहून दिलेली तारीख, जुन्या व्हॉट्सअॅप संदेशातला फोटो किंवा "अजून बरीच वर्षे आहेत" ही आठवण, यांपैकी कशावरही विसंबू नये. पासपोर्टच्या छायाचित्र असलेल्या पानावर दोन तारखा असतात, एक तो दिल्याची आणि दुसरी मुदत संपण्याची. घाईत पहिली तारीख वाचून तिच्यात मनातल्या मनात १० वर्षे मिळवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मुलांच्या बाबतीत नेमका इथेच घोटाळा होतो.

प्रौढ व्यक्तीचा साधा पासपोर्ट १० वर्षांचा असतो. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांसाठी किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तेवढ्याच मुदतीचा मिळतो. १५ ते १८ या वयोगटातील मुलांना १० वर्षांच्या पासपोर्टचा पर्यायही असतो. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले असले, एकाच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले असले, तरी मुलांच्या पासपोर्टची मुदत आईवडिलांच्या निम्म्याच काळात संपते. म्हणून प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा उघडून पाहावा आणि तारखा कागदावर एकाखाली एक लिहाव्यात. ज्याची मुदत सर्वांत आधी संपते, त्याच्या तारखेवर सगळ्या कुटुंबाचा प्रवास ठरतो.

२. सहा महिने तारखेने मोजा, महिन्यांच्या नावांनी नव्हे

माझी चूक याच पायरीवर झाली. २४ मे पासूनचे सहा महिने २४ नोव्हेंबरला पूर्ण होतात, "नोव्हेंबर" लागताच होत नाहीत. शिवाय हे महिने कुठल्या दिवसापासून मोजायचे, हा वेगळा प्रश्न आहे. काही देश ते आपल्या भूमीवर उतरण्याच्या दिवसापासून मोजतात, तर काही आपला देश सोडण्याच्या दिवसापासून. प्रत्येक वेळी हा बारकावा शोधत बसण्यापेक्षा मी आता एकच हिशेब करतो : परतीच्या विमानाची तारीख घ्यायची, तिच्यात सहा महिने मिळवायचे आणि पासपोर्टची मुदत त्यापुढे जाते का ते पाहायचे. आम्ही २९ मे रोजी परतणार होतो, म्हणजे मुलीचा पासपोर्ट किमान २९ नोव्हेंबरपर्यंत चालायला हवा होता. हा हिशेब जो पासपोर्ट पार करतो, तो मुदतीच्या कारणावरून जवळपास कुठेच अडत नाही.

परतीचे विमान चुकले, आजारपणामुळे मुक्काम वाढला किंवा संप झाला, तर त्या परक्या देशात मुदत संपलेला पासपोर्ट घेऊन कोणी अडकू नये, हा या नियमामागचा साधा विचार आहे. मुदतीत न बसणारा प्रवासी पोहोचला, तर त्याला परत आणण्याचा भार आणि अनेक देशांत दंडही विमान कंपनीवर पडतो. त्यामुळे आपली खरी परीक्षा परदेशातल्या इमिग्रेशनच्या खिडकीवर होत नाही, ती इथल्या चेक-इन काउंटरवरच होते. तिथले कर्मचारी प्रत्येक देशाचे नियम टिमॅटिक नावाच्या प्रणालीत पाहतात आणि त्या पडद्यावर जे असेल त्याच्या पलीकडे जाण्याचा अधिकार त्यांना नसतो. "मागच्या वर्षी आमच्या साडूंना जाऊ दिले होते" या वाक्याचा तिथे काहीही उपयोग होत नाही. मी ते उच्चारून पाहिले आहे.

३. आपण जात आहोत त्या देशाचा नियम पाहा

सिंगापूर, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम, संयुक्त अरब अमिराती, म्हणजे पुण्यातून सुट्टीसाठी जिथे सर्वाधिक लोक जातात त्या बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचाच नियम आहे. तो एकदा अंगवळणी पडला की या देशांसाठी वेगळा विचार करावा लागत नाही.

युरोपातील शेंगेन गटाचे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचे, गणित निराळे आहे. १ जानेवारी २०२५ पासून या गटात २९ देश आहेत आणि नियम असा की, शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर पासपोर्ट किमान ३ महिने वैध असावा, तो गेल्या १० वर्षांतला असावा आणि त्यात किमान दोन कोरी पाने असावीत. यातली १० वर्षांची अट आपल्याला सहसा आड येत नाही, कारण आपला पासपोर्ट त्याहून जास्त मुदतीचा नसतोच. येथे तीन महिने पुरतात म्हणून काठावरचा पासपोर्ट घेऊन अर्ज करू नये, असे माझे मत आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय संघाने अशी सोय केली आहे की, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा मिळू शकतो. मात्र पासपोर्टला तेवढी मुदत शिल्लक असली पाहिजे. दीड वर्ष उरलेल्या पासपोर्टवर पाच वर्षांचा व्हिसा कोण देणार?

अमेरिकेचा सर्वसाधारण नियम मुक्कामानंतर सहा महिन्यांचा आहे, पण ज्या देशांशी तिचा याबाबत करार आहे त्यांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे आणि त्या यादीत भारताचे नाव आहे. म्हणजे पासपोर्ट मुक्काम संपेपर्यंत वैध असला तरी कागदोपत्री पुरते. पुण्यातल्या अनेक घरांतून आईवडील मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना सांभाळण्यासाठी पाच-सहा महिने तिकडे जातात, त्यांनी हे वाक्य नीट वाचावे : प्रवेशाच्या वेळी मुक्कामाची जी अंतिम तारीख नोंदली जाते, ती पासपोर्टच्या मुदतीपाशीच अडवली जाऊ शकते. नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनाही हाच फटका बसतो, कारण व्हिसा तीन वर्षांचा असला तरी नोंदलेली तारीख पासपोर्टपुरतीच येते आणि ती न पाहता राहिले की मुक्काम बेकायदा ठरतो. म्हणून विमानतळाबाहेर पडल्यावर आय-९४ या नोंदीतली तारीख संकेतस्थळावर उघडून पाहावी.

ब्रिटनसाठी पासपोर्ट संपूर्ण मुक्कामात वैध असावा लागतो. दक्षिण आफ्रिकेसाठी परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवसांची मुदत आणि दोन कोरी पाने लागतात. नेपाळ आणि भूतानसाठी भारतीय नागरिकांना पासपोर्टऐवजी निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते, पण १५ ते ६५ वर्षे वयाच्या प्रवाशांना नुसते आधार कार्ड दाखवून चालत नाही, हे काठमांडूच्या सहली काढणारे काही आयोजकसुद्धा सांगायला विसरतात.

नियम पाहण्याची विश्वासार्ह जागा म्हणजे त्या देशाच्या दूतावासाचे किंवा इमिग्रेशन खात्याचे अधिकृत संकेतस्थळ. प्रवासाच्या आठवडाभर आधी ते पुन्हा उघडावे, कारण मध्ये नियम बदललेला असू शकतो.

४. वाटेतला देशही मोजा

पुण्याहून थेट जाणारी परदेशी विमाने मोजकीच आहेत, त्यामुळे आपला प्रवास बहुधा मुंबई किंवा दिल्लीहून आणि पुष्कळदा दुबई, दोहा, सिंगापूर अशा ठिकाणी विमान बदलून होतो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि विमानतळाबाहेर पडायचे नसेल, तर अडचण सहसा येत नाही. स्वस्त पडते म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढली असतील, तर मात्र मधल्या ठिकाणी सामान ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागू शकते आणि त्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. अशा वेळी त्या देशाचा व्हिसा आणि मुदतीचा नियम आपल्यालाही लागू होतो. शेवटच्या मुक्कामाचा नियम पाळला आणि वाटेत अडकलो, असे होऊ देऊ नये.

५. कोरी पाने आणि पासपोर्टची अवस्था

साध्या पासपोर्टला ३६ पाने असतात आणि जास्त फिरणाऱ्यांसाठी ६० पानांचा पर्याय असतो. कोरे पान म्हणजे व्हिसासाठी राखलेले, ज्यावर एकही शिक्का नाही असे पान. कोपऱ्यात शिक्का असलेले अर्धे पान त्यात धरत नाहीत आणि शेरे लिहिण्याचे पानही धरत नाहीत. निदान दोन पाने, शक्यतो समोरासमोरची, कोरी नसतील तर मुदत कितीही उरली असली तरी नवा पासपोर्ट काढणे शहाणपणाचे.

आता अवस्था. पावसाळ्यात दुचाकीच्या डिकीत राहून ओला झालेला पासपोर्ट, लॅमिनेशनचा पापुद्रा सुटलेला पासपोर्ट, लहान मुलाने पेनाने रेघा मारलेला पासपोर्ट, हे सगळे खराब पासपोर्ट समजले जाऊ शकतात. बालीला जाणाऱ्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. पर्यटनस्थळी हौसेने मारून मिळणारे शिक्के पासपोर्टवर घेऊ नयेत, ते वहीत घ्यावेत. पाने फाडणे हा मात्र हौसेचा किंवा हलगर्जीचा भाग राहत नाही, त्यावर गुन्हा दाखल होतो. बँकॉकच्या वाऱ्या घरी कळू नयेत म्हणून पाने फाडणाऱ्या सद्गृहस्थांच्या बातम्या मुंबई विमानतळावरून अधूनमधून येत असतात. पान फाडल्याने घरी कळायचे राहत नाही, एवढे त्या बातम्यांवरून दिसते.

६. नावाची जुळणी

आपल्याकडे नाव तीन भागांचे असते : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. पासपोर्टमध्ये पहिले दोन भाग बहुधा एकाच रकान्यात येतात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात. तिकीट काढताना हे दोन रकाने पासपोर्टवर आहेत तसेच भरावेत. लग्नानंतर सासरचे आडनाव लावलेल्या, परंतु पासपोर्टवर माहेरचे नाव असलेल्या महिलांचे तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढावे, बँकेत आणि आधारवर काहीही असो.

काही जुन्या पासपोर्टमध्ये पूर्ण नाव एकाच रकान्यात आहे आणि आडनावाची जागा रिकामी आहे, तर काहींच्या पासपोर्टवर मुळात एकच शब्द आहे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीचा आणि पर्यटनाचा व्हिसा देण्यावर बंधन घातले आहे. आजी-आजोबांना दुबईला नेणार असाल, तर त्यांचा पासपोर्ट याही नजरेने उघडून पाहावा.

७. मुदत कमी पडत असेल तर : पुण्यात नवा पासपोर्ट काढणे

बोलताना आपण "रिन्यू" म्हणतो, पण पासपोर्टचे नूतनीकरण होत नाही. जुना रद्द होऊन नव्या क्रमांकाचा पासपोर्ट मिळतो आणि अर्जात त्याला "री-इश्यू" म्हणतात. "फ्रेश" हा पर्याय निवडून पहिल्यांदाच अर्ज भरणाऱ्यांसारखा अर्ज करणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. मुदत संपायला एक वर्ष उरले की हा अर्ज करता येतो.

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपासपोर्ट सेवा या अॅपवर भरावा. संकेतस्थळाचा पत्ता "जीओव्ही डॉट इन" ने संपतो की नाही ते पाहावे. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्तीचे पैसे घेऊन माहितीही घेऊन बसतात. प्रौढांसाठी ३६ पानांच्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आणि ६० पानांच्या पासपोर्टचे २,००० रुपये आहे, अल्पवयीन मुलांसाठी ते १,००० रुपये आहे. तत्काळसाठी यावर २,००० रुपये जास्त लागतात आणि ही वाढीव रक्कम केंद्रावर भरायची असते.

पुण्यातले पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय बाणेर-पाषाण लिंक रस्त्यावरच्या पासपोर्ट भवनात. अपॉइंटमेंट मुंढव्याची असताना बाणेरला जाऊन उभे राहिलेले लोक मला रांगेतच भेटले, म्हणून पावतीवरचा पत्ता रात्रीच वाचून ठेवावा. मुंढव्याची तारीख लांबची मिळत असेल, तर दुसऱ्या शहरातल्या केंद्राच्या तारखाही पाहाव्यात, कारण २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो; पोलीस पडताळणी मात्र अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते. एप्रिल-मे महिन्यांत गर्दी असते, हे सांगायला नकोच.

केंद्रावर जाताना बरोबर घ्यायच्या गोष्टी अशा :

– मूळ जुना पासपोर्ट, आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांची स्वसाक्षांकित झेरॉक्स. शेऱ्यांचे पान असेल तर त्याचीही
– सध्याच्या पत्त्याचा पुरावा, मूळ आणि झेरॉक्स
– अर्जाची पावती किंवा अपॉइंटमेंटचा संदेश
– अल्पवयीन मुलासाठी आईवडील दोघांच्या सहीचे परिशिष्ट "डी" (पालकांचे घोषणापत्र) आणि दोघांच्या पासपोर्टच्या प्रती
– चार वर्षांखालील मुलासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पासपोर्ट आकाराचा फोटो (त्याहून मोठ्यांचा फोटो केंद्रावरच काढतात)

सध्याचा पत्ता या शब्दाला येथे फार महत्त्व आहे. गावाकडचा किंवा जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता पासपोर्टवर असला तरी प्रवासाला तो आड येत नाही. परंतु नवा अर्ज करताना सध्या जिथे राहतो तोच पत्ता द्यावा लागतो, कारण पोलीस पडताळणी लागली तर फोन त्याच हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून येतो आणि स्पीड पोस्टने पासपोर्टही तिथेच येतो. हिंजवडीला राहून कोथरूडच्या आईवडिलांच्या घराचा पत्ता देणाऱ्या एका मित्राचा अर्ज केवळ "पत्त्यावर राहत नाही" या शेऱ्यावर महिनाभर रखडला होता.

मुलीच्या वेळी पत्नीला त्याच दिवशी कार्यालयीन कामासाठी बाहेरगावी जायचे होते, म्हणून परिशिष्टावर तिची सही आदल्या रात्री घेऊन ठेवली. ती घेतली नसती तर दुसरी तारीख घ्यावी लागली असती. केंद्रात टोकन मिळते आणि ए, बी, सी अशा तीन टप्प्यांच्या खिडक्या असतात : पहिल्या टप्प्यात कागद तपासून फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, दुसऱ्यात कागदांची पडताळणी होते आणि तिसऱ्यात मंजुरी. पहिल्या खिडकीवरच पडद्यावर आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता दाखवतात. तेथे कंटाळून मान डोलावू नये, एकेक अक्षर वाचावे. मुलीच्या नावात वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक "ए" जास्त पडला होता, तो तिथेच दुरुस्त झाला.

८. नवा पासपोर्ट हाती आल्यावर

पासपोर्टचा क्रमांक बदललेला असतो. जुन्या क्रमांकावर घेतलेला ई-व्हिसा, तिकिटात भरलेली माहिती आणि प्रवास विमा, तिन्ही ठिकाणी नवा क्रमांक नोंदवावा लागतो आणि ई-व्हिसा तर बहुतेक ठिकाणी नव्यानेच घ्यावा लागतो. पासपोर्टची शंका असेल तर आधी तो काढावा, मग व्हिसा आणि तिकीट, असे मी सुरुवातीलाच म्हटले ते याचसाठी.

रद्द झालेला जुना पासपोर्ट शिक्का मारून परत देतात. तो फेकू नये. त्यात अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिसा असेल आणि तो खराब झालेला नसेल, तर नवा आणि जुना असे दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवून त्यावर प्रवास करता येतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा किंवा ब्रिटनचा ई-व्हिसा असेल, तर त्यांच्या खात्यात नव्या पासपोर्टची नोंद प्रवासाआधी करावी, नाहीतर काउंटरवर पुन्हा तोच पडदा आणि तेच उत्तर.

मुलीचा नवा पासपोर्ट स्पीड पोस्टने आला, तेव्हा पोस्टमनने ओळखपत्र पाहूनच तो हाती दिला. त्याच संध्याकाळी पत्नीने लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यात तिघांची नावे आहेत आणि प्रत्येकापुढे छापील मुदतीच्या बरोबर नऊ महिने आधीची तारीख आहे. मुलीचे नाव सर्वांत वर लिहिले आहे, कारण तिची तारीख आमच्या दोघांच्याही आधी येते.